पंतांनी ऐकलेली लावणी

(१)

गेल्या वैशाखात इंदापूरहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, एकदा येऊन जा. पोराला चार शब्द सांगायला हवेत. आमचे तो ऐकत नाही, तुझे ऐकेल."

पोर म्हणजे माझा पुतण्या. वय वर्षे एकोणीस. त्याचा अपराध एवढाच, की कॉलेजच्या अभ्यासातला वेळ काढून तो रॅप रचतो. ठेक्यावर भरभर म्हटलेले यमकांचे बोल, म्हणजे रॅप. आणि ज्या मोठ्या संप्रदायाचा तो एक भाग, त्याचे नाव हिप-हॉप. पुतण्याची गाणी रेडिओवर लागत नाहीत, सिनेमात येत नाहीत. दोघातिघा मित्रांनी एका खोलीत बसून ठेका तयार करावा, मोबाईलवर आवाज भरावा आणि आपल्यासारख्याच पोरांत ते गाणे फिरवावे, असा सारा व्यवहार. मुले याला 'अंडरग्राउंड' म्हणतात. भावाने त्या शब्दाचा अर्थ 'चोरून केलेले काहीतरी' असा घेतला होता. आमच्या घरात तीन पिढ्या संध्याकाळी हरिपाठ आणि सणासुदीला पंतांच्या आर्या. त्या घरातल्या मुलाने भिंतीला पाठ लावून, हातवारे करीत असले काही म्हणावे, हे त्याला सोसवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बारामतीहून एस.टी. धरली. काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी ही गावे एकामागून एक येतात. आषाढीला तुकोबांची पालखी याच बाजूने पंढरीला जाते. पोराला काय सांगायचे याची मनात जुळवाजुळव करीत होतो आणि आठवत राहिले ते बारामतीचेच एक जुने प्रकरण. ज्याच्या आर्यांचा दाखला मी पुतण्याला देणार होतो, त्या मोरोपंतांसमोरही एकदा असाच प्रश्न आला होता. तेव्हा त्यांनी काय केले, हे आधी नीट पाहायला हवे होते.

(२)

मोरोपंत पराडकर मूळचे बारामतीचे नव्हेत. जन्म १७२९ चा, पन्हाळगडावरचा. तिथेच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या गुरूंजवळ त्यांनी काव्य, व्याकरण, अलंकार यांचा अभ्यास केला. १७५२ च्या सुमारास ते बारामतीला आले आणि बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाला राहिले. हे नाईक म्हणजे साधे सावकार नव्हेत. त्यांचे बंधू आबाजी हे बाळाजी विश्वनाथांचे जावई. आणि थोरले बाजीराव १७४० मध्ये वारले तेव्हा पेशवेपदासाठी बाबूजींचेच नाव पुढे आले होते. पद हुकले. पण पेशवाईत बारामतीच्या या वाड्याला वजन होते, आणि त्या वजनाखाली एका कवीला चाळीसएक वर्षे निर्वेध लिहिता आले. १७९४ च्या चैत्रात पंत बारामतीतच वारले.

या चाळीस वर्षांत त्यांनी लिहिलेली कविता पाऊण लाखाच्या घरात मोजतात. सगळे महाभारत त्यांनी आर्यांत उतरवले. रामायणे एकशे आठ रचली, अशी परंपरा आहे. या रामायणांत नवलाचे प्रकार आहेत. 'निरोष्ठ रामायणा'त ओठ मिटावे लागणारे अक्षरच नाही. प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि 'राम' म्हणायचे नाही! 'दामरामायणा'त एका चरणाचा शेवट उचलून पुढच्या चरणाचा आरंभ होतो, दाव्याला दावे बांधावे तसा. आर्या म्हणून आपण जे वृत्त ओळखतो ते छंदशास्त्राच्या काटेकोर भाषेत बहुधा गीती आहे: पहिल्या आणि तिसऱ्या चरणात १२ मात्रा, दुसऱ्या आणि चौथ्यात १८. आणि त्या अठरा मात्रांच्या टोकाला यमक. यमकावाचून पंतांना करमत नसे.

आता हा मनुष्य केवळ पोथीतला पंडित होता, असे मात्र समजू नये. 'सीतागीत', 'सावित्रीगीत' ही त्यांची गीते बायकांनी दळता-कांडताना म्हणावीत अशा बेताने ओवीच्या चालीवर लिहिलेली आहेत. 'केकावली'तल्या पृथ्वी वृत्ताचा गंभीर घोष ज्याच्या कानात होता, त्याच्याच कानात जात्याची घरघरही होती. पुढे जे घडले त्याचे बीज मला या कानात दिसते.

(३)

पंत आर्या लिहीत होते त्याच काळात मराठी मुलखात दुसरी एक कविता रात्र रात्र जागत होती. डफ, तुणतुणे, ढोलकी, मागे झील धरणारे साथी, पुढे नाचणारी पोर किंवा बाई, आणि मधे कवन म्हणणारा शाहीर. फडांचे दोन पक्ष होते, कलगीवाले आणि तुरेवाले. कलगी शक्तीची, तुरा शिवाचा. दोन फड समोरासमोर उभे राहत. एकाने कोड्यात सवाल घालावा, दुसऱ्याने त्याच चालीत, त्याच ठेक्यावर, जमले तर त्याच यमकात जबाब द्यावा. अडला तो हरला. शास्त्र, पुराण, हजरजबाबीपणा आणि शिवराळपणा या सगळ्यांचा तिथे एकदम कस लागे. सभ्य घरातली माणसे हे ऐकत नसत असे नाही; ऐकल्याचे कबूल करीत नसत.

अशा फडात सोलापूरचा एक ब्राह्मणाचा मुलगा जाऊन उभा राहिला. त्याचे नाव रामजोशी. जन्मसाल कोणी १७५८ देतात, कोणी १७६२. थोरले बंधू मुद्गल जोशी विद्वान, प्रतिष्ठित; आणि धाकटा तमासगिरांच्या संगतीत. भावाने त्याला घराबाहेर काढले असे सांगतात. रामजोशी पंढरपूरला गेले, तिथे संस्कृत काव्य आणि व्याकरण शिकले, आणि इतके शिकून परत फडावरच आले! शिकलेला मुलगा सुधारून येईल, अशी घराची अपेक्षा असणार. तो शिकून आला तो लावणी अधिक चांगली लिहायला. संस्कृतात त्यांनी 'मदालसाचंपू' लिहिला. मराठीत शृंगाराच्या, वैराग्याच्या आणि ढोंगाचे वाभाडे काढणाऱ्या लावण्या रचल्या. चरणाच्या पोटात यमकांची अशी दाटी, की म्हणणाऱ्याचा श्वास पुरू नये. आणि तरीही ठेका कुठे सुटत नाही.

या भागातल्या नद्यांची मला या ठिकाणी आठवण होते. बारामतीवरून वाहणारी कऱ्हा सोनगावाजवळ नीरेला मिळते. नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपुरापाशी भीमेला मिळते. आणि भीमा पंढरपूरला पोचून चंद्रभागा होते. पंतांच्या उंबऱ्यावरचे पाणी रामजोशांच्या पाठशाळेपर्यंत आपोआप जात होते. माणसे मात्र आपोआप भेटत नाहीत.

(४)

पण ती भेटली. कथा निरनिराळ्या तऱ्हांनी सांगतात. भेटीची जागा बदलते, प्रसंगाचे रंग बदलतात. गाभा एकच राहतो. वृद्ध पंतांनी या तरुण शाहिराची लावणी ऐकली, मान डोलावली, त्याला कवी म्हणून गौरवले, आणि ही वाणी देवाच्या कामी लावावी असे सुचवले. रामजोशांनी डफ ठेवला आणि कीर्तनाची वीणा घेतली. मग त्यांनी आपल्या कीर्तनांत पंतांच्या आर्या घोळवल्या आणि गावोगाव नेल्या.

ही कथा लहानपणापासून आपण ऐकतो आणि तिचा अर्थ ठरूनच गेलेला असतो: थोर कवीच्या उपदेशाने वाट चुकलेला शाहीर सुधारला. १९४७ साली राजकमलने 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट काढला तेव्हा हे नाव घरोघर पोचले. जयराम शिलेदार त्यात रामजोशी झाले, हंसा वाडकर बया झाल्या, आणि माडगूळकरांच्या लेखणीने त्यांना शब्द दिले. आमच्या पिढीचा रामजोशी पुष्कळसा त्या पडद्यावरचा आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र इथे थोडे थबकायला हवे. कारण हीच कथा आणखी एका शाहिराच्या नावावरही आहे. संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) तमाशा करीत. अहिल्याबाई होळकरांनी त्यांना बोल लावला, आणि फंदींनी तमाशा सोडून कीर्तन धरले, असे सांगतात. शाहीर वेगळा, उपदेश करणारी व्यक्ती वेगळी, साचा तोच. एकाच साच्याच्या दोन कथा भेटल्या की त्यांत घडलेले किती आणि घडवलेले किती, याची शंका घ्यावी. शाहिरांनी उतारवयात कीर्तन केले नसेल, असे मी म्हणत नाही. पण ही कथा ज्यांनी जपली ती सभ्य माणसे होती, हे विसरू नये. त्यांना लावणी आवडत होती, आणि आवडते म्हणण्याची सोय नव्हती. शेवटी कीर्तन आले, की आधीची सगळी लावणी पवित्र करून घेता येते. पश्चात्तापाचा शेवटचा अंक असला म्हणजे पहिले तीन अंक निर्धास्तपणे पाहता येतात.

याला पुरावा रामजोशांच्या मागे राहिलेल्या बाडांचाच आहे. त्यांचे नाव कशाने टिकले? लावणीने. कीर्तन त्या त्या रात्री रंगले आणि उदबत्तीच्या धुरासारखे विरले; लावण्या मात्र तमासगिरांच्या वह्यांतून, गोंधळ्यांच्या तोंडून राहिल्या आणि पुढे शंकर तुकाराम शाळिग्रामांसारख्या चिकाटीच्या माणसाने त्या जमवून छापल्या. शिवाय त्यांत वैराग्याच्या लावण्या आहेतच. म्हणजे कथेला वाटते तेवढी डफाची आणि वीणेची फारकत खुद्द कवीच्या मनात नव्हती.

मग पंतांच्या त्या ऐकण्यात मोठेपणा कोणता? माझ्या मते त्यात तीन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात. पहिली ही, की पंतांच्या कानाने आपला सोयरा ओळखला. ज्याने ओठ न मिटता रामायण लिहिले, त्याला फडावरच्या यमकामागचे कष्ट कळणारच. दुसरी ही, की त्यांनी ते बोलून दाखवले. आवड मनात ठेवणारे पुष्कळ असतात. बारामतीच्या वाड्यातल्या पुराणिकाने तमासगिराला चारचौघांत कवी म्हणणे, याला छाती लागते. आणि तिसरी गोष्ट, उपदेश. आवडलेली वस्तू आपल्यासारखी व्हावी असे पंतांना वाटले. पहिल्या दोन गोष्टी रसिकाच्या. तिसरी वडीलधाऱ्याची. आपण आजवर कथेतली तिसरी गोष्टच तेवढी उचलून धरली.

आणि त्या भेटीत घेणारा कोण, देणारा कोण, याचाही हिशेब एकदा मांडायला हवा. पंतांनी शाहिराला एक पदवी दिली. शाहिराने पंतांना श्रोते दिले. नागर, संस्कृतप्रचुर, कोशावाचून न उलगडणारी ती आर्या खेड्यापाड्यांतल्या देवळांत रुळली, त्यात कीर्तनकारांचा वाटा मोठा, आणि त्या कीर्तनकारांत रामजोशांचे नाव अग्रभागी. हजारोंना एका तालात धरण्याची विद्या ते कुठे शिकले होते? फडावर.

(५)

पुढे काळाने पंतांवरही एक गंमतीचा सूड उगवला. इंग्रजी कविता वाचून आलेल्या पिढीने त्यांना विचारायला सुरुवात केली, की ही कविता आहे की नुसती यमकजुळणी? विष्णुशास्त्री चिपळूणकरांना 'निबंधमाले'त 'मोरोपंतांची कविता' हा निबंध लिहून त्यांची बाजू मांडावी लागली. १९०८ मध्ये ल. रा. पांगारकरांनी पंतांचे चरित्र लिहिले तेही अशाच भक्तीने. शाहिरांच्या वाट्याला असा कैवारी यायला आणखी वेळ लागला. १९५६ हे एकच साल घ्या: म. वा. धोंडांचे 'मऱ्हाटी लावणी' आणि य. न. केळकरांचे 'अंधारातील लावण्या' ही दोन्ही पुस्तके त्या वर्षीची. केळकरांच्या पुस्तकाचे नाव पाहा. छापखान्याच्या उजेडात न आलेली, वह्यांच्या काळोखात पडलेली ती कविता. 'अंडरग्राउंड' या शब्दाला मराठी प्रतिशब्द हवा असेल तर तो सत्तर वर्षांपूर्वीच छापून ठेवलेला आहे.

पुतण्याच्या गाण्याचे कुळ अर्थात सोलापूरचे नव्हे. ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीचे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या एका इमारतीत बहिणीच्या हौसेच्या मेजवानीत कूल हर्क नावाच्या जमैकन तरुणाने दोन तबकड्यांवर गाण्यातला नाचाचा तुकडाच पुन्हा पुन्हा लांबवला, आणि तिथून हिप-हॉपची सुरुवात धरतात. त्या ठेक्यावर बोलणारे आले, मग समोरासमोर उभे राहून एकमेकांना यमकात चीत करणारे आले. हा सवाल-जबाब त्यांना कलगी-तुऱ्याने शिकवला नाही, आणि आपल्याला त्यांनी शिकवला नाही. माणसे जिथे दाटीने राहतात आणि ज्यांचे कोणी ऐकत नाही, तिथे हा खेळ आपोआप उगवतो, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईच्या गल्ल्यांत तो आला. डिवाइन आणि नेझी या दोघांचे 'मेरे गली में' २०१५ साली गाजले, २०१९ मध्ये 'गली बॉय' चित्रपट निघाला, आणि उजेड पडला. त्याच २०१९ मध्ये 'स्वदेसी' या मुंबईच्या मंडळींनी आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. २०२३ मध्ये तर सत्तांतरावरच्या एका मराठी रॅपबद्दल पोलिसांत गुन्हा दाखल झाला. शाहिराचे कवन राज्यकर्त्यांना टोचते, ही गोष्टही नवी नाही.

(६)

इंदापूरला पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. जेवण झाल्यावर भाऊ मुद्दाम उठून बाहेर गेला. पुतण्या समोर बसला, पण मान खाली.

मी म्हणालो, "उपदेश करायला आलो नाही. आधी ऐकव."

त्याने संशयाने पाहिले. "काका, तुम्हाला नाही आवडणार."

"ते मी ऐकल्यावर ठरवीन."

त्याने आधी दुसऱ्यांची गाणी लावली. काही मला मुळीच आवडली नाहीत, आणि तसे मी सांगितले. पैसा, गाड्या, मीच कसा थोर, ही बढाई मला कंटाळवाणी वाटते. लावणीतही जिथे केवळ अंगाचे वर्णन आहे तिथे मी पाने उलटतो. 'वारली रिव्होल्ट' मात्र दोनदा ऐकले. त्यातला भोईरांचा आवाज आला की भोवतालचा ठेका नुसता सोबतीला राहतो. माती बोलते आहे असे वाटते.

मग त्याने स्वतःचे ऐकवले. उसाचे बिल थकलेले, बापाने मोबाईल बंद करून ठेवलेला, आईने डब्यात साठवलेले पैसे मोजलेले, आणि पोरगा रात्री गच्चीवर. तीन मिनिटांचे गाणे. पहिल्या कडव्यात यमकासाठी त्याने दोन हिंदी शब्द ओढून आणले होते, ते खड्यासारखे लागले. दुसऱ्यात एका दमात अकरा यमके होती. मी बोटांवर मोजली. बापाच्या गप्प बसण्यावर चार ओळी होत्या. त्या ऐकताना मला माझा भाऊ दिसला, आणि तो मला आजवर तसा कधी दिसला नव्हता.

गाणे संपले. खरे सांगतो, जिभेवर एक वाक्य अगदी तयार होते: "अरे, एवढी वाणी आहे तर एखादा अभंग लिही, गणपतीची आरती लिही." पंतांचे वाक्य. दोनशे वर्षांहून जुने, आणि किती सहज येते! मी ते गिळले.

त्याला म्हणालो, "ते दोन हिंदी शब्द काढ. तिथे आपल्याकडचे शब्द आहेत, ते शोध. अकरावे यमक ओढून आणलेले आहे, दहावर थांब. आणि बापाच्या त्या चार ओळींना हात लावू नको."

त्याने वही काढली आणि तिथल्या तिथे खोडाखोड सुरू केली. रामायणातले निरोष्ठाचे प्रकरण मी त्याला सांगितले तेव्हा तो हसला, मग गप्प झाला, आणि प, फ, ब, भ, म टाळून एक ओळ बोलून पाहू लागला. तीनदा अडला. चौथ्यांदा जमली.

भाऊ परत आला. "सांगितलेस ना?" त्याने विचारले.

"सांगितले," मी म्हणालो. "आता तू एकदा बसून ऐक. दुसरे कडवे तुझ्यावर आहे."

तो काही बोलला नाही. पण चप्पल काढून ओसरीवर बसला. पुतण्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि गाणे पहिल्यापासून लावले.